एका क्लिकला दोन मुदतवाढी: वाचनालयाच्या देवघेव पानावरील बटणांचे प्रकरण

पार्श्वभूमी

दक्षिण कोकणातील एका तालुक्याच्या गावी असलेल्या सार्वजनिक वाचनालयाने आपली देवघेव नोंदवहीतून संगणकावर आणली, त्यानंतर काही महिन्यांनी उद्भवलेले हे प्रकरण आहे. वाचनालयाचे व संबंधित व्यक्तींचे नाव येथे दिलेले नाही. वाचनालयासाठी वेब प्रणाली लिहून देणारा डेव्हलपर एकटाच काम करत होता, आणि ती रोज वापरणारे दोघे होते: ग्रंथपाल आणि देवघेवीच्या खिडकीवरचे निर्गम सहायक.

प्रकरणाच्या केंद्रस्थानी देवघेवीचे एकच पान आहे. वरच्या शोधपेटीत सभासद क्रमांक, पुस्तकाचे नाव किंवा दाखल क्रमांक (वाचनालयातील प्रत्येक प्रतीचा स्वतंत्र क्रमांक) टाकला की खाली तक्त्यात पहिल्या 25 नोंदी येत, आणि ‘आणखी दाखवा’ दाबल्यावर पुढच्या 25 त्यांच्याखाली जोडल्या जात. प्रत्येक ओळीत पुस्तक, सभासद, परतीची तारीख, शेरा लिहिण्याची छोटी पेटी आणि शेवटी ‘परत’, ‘मुदतवाढ’ व ‘राखीव’ अशी तीन बटणे होती. ‘मुदतवाढ’ दाबल्यावर परतीची तारीख 7 दिवसांनी पुढे जाणे अपेक्षित होते.

पहिल्या आवृत्तीत प्रत्येक बटणाच्या ‘ऑनक्लिक’ या गुणधर्मातच (क्लिक झाल्यावर काय चालवायचे ते सांगणाऱ्या जागेत) फंक्शनचे, म्हणजे एखादे काम करणाऱ्या कोडच्या तुकड्याचे नाव, दाखल क्रमांक आणि सभासदाचे नाव लिहिलेले होते. ही पद्धत आज जुनी मानली जाते, पण तिचा एक गुण मान्य केला पाहिजे: नवी ओळ पानावर येताना आपले काम सोबत घेऊनच येते, त्यामुळे ती नंतर वेगळी जोडावी लागत नाही. तिचा दोष उघड झाला तो डि’सोझा या आडनावामुळे. हे आडनाव रोमन लिपीत लिहिताना मध्ये एकेरी अवतरणचिन्ह येते, आणि कोडमध्ये सभासदाचे नावही एकेरी अवतरणचिन्हांतच ठेवलेले असल्याने मजकूर मध्येच संपत असे, पुढचे सर्व निरर्थक ठरत असे आणि त्या सभासदांच्या ओळीतील बटणे मुकी होत. डेव्हलपरने सर्व्हरवर ते चिन्ह एचटीएमएलच्या (पानाची रचना लिहिण्याच्या भाषेच्या) सांकेतिक रूपात बदलून पाहिले, पण उपयोग झाला नाही, कारण ब्राउझर गुणधर्माची किंमत जावास्क्रिप्टच्या (बटणांचे काम ज्या भाषेत लिहिले होते तिच्या) हाती देण्यापूर्वीच ते सांकेतिक रूप उलगडून मूळ चिन्ह परत आणतो. ज्या फटीतून अवतरणचिन्ह शिरले त्याच फटीतून कोणी मुद्दाम लिहिलेला कोडही शिरू शकला असता, म्हणून ही पद्धत सोडण्याचा निर्णय योग्यच होता.

दुसऱ्या आवृत्तीत दाखल क्रमांक बटणाच्या ‘डेटा’ गुणधर्मात (माहिती ठेवण्याच्या जागेत) गेला आणि क्लिक ऐकण्याचे, म्हणजे तो घडताच ठरलेले फंक्शन चालवण्याचे, काम ‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’कडे आले. बदल करताना डेव्हलपरने पानावरील सगळी बटणे निवडून एका लूपमधून (तीच कृती फेऱ्यांनी पुन्हा करणाऱ्या कोडमधून) प्रत्येकाला एक अनामिक, म्हणजे नाव न दिलेले, फंक्शन जोडले. लूपमधला दाखल क्रमांक ‘व्हार’ने घोषित केलेला असल्यामुळे तो प्रत्येक फेरीत नवा होत नव्हता, सगळी फंक्शने एकाच चलाकडे (किंमत साठवणाऱ्या एकाच नावाकडे) पाहत होती आणि कोणत्याही ओळीतले ‘परत’ बटण दाबले तरी शेवटच्या ओळीतले पुस्तक परत आल्याची नोंद होत होती. ही चूक चाचणीतच सापडली आणि ‘व्हार’च्या जागी ‘लेट’ आल्याबरोबर मिटली, कारण 2015 च्या एक्मास्क्रिप्टपासून (जावास्क्रिप्टच्या मानकापासून) उपलब्ध असलेले ‘लेट’ लूपच्या प्रत्येक फेरीला स्वतंत्र चल देते. येथवरचा इतिहास बहुतेक डेव्हलपरांच्या परिचयाचा आहे. खरी गुंतागुंत पुढे आहे.

अडचण

निर्गम सहायकांच्या लक्षात आले की काही पुस्तकांची परतीची तारीख 7 ऐवजी 14 दिवसांनी, क्वचित 21 दिवसांनी पुढे गेलेली आहे. राखीव पुस्तकाची वाट पाहणाऱ्या सभासदांना खोटी तारीख सांगितली जात होती आणि विलंब शुल्काचा हिशेबही चुकत होता. ग्रंथपालांचा पहिला अंदाज असा होता की घाईत बटण दोनदा दाबले जाते. त्यांनी सहायकांना तशी सूचना दिली आणि डेव्हलपरलाही तेच कळवले. डेव्हलपरने ते खरे मानून क्लिक होताच बटण निष्क्रिय करण्याची सोय केली. तरीही तारखा पुढे जातच राहिल्या.

हा पहिला निर्णयबिंदू होता, आणि येथे काही दिवस वाया गेले. वापरणाऱ्याने सांगितलेले लक्षण अचूक होते, पण त्याच्यासोबत आलेले कारण हा केवळ तर्क होता, आणि डेव्हलपरने लक्षण न तपासता कारणावर उपाय केला. शिवाय निष्क्रिय करण्याची सोय या दोषावर चालणारच नव्हती: एकाच बटणावर दोन लिसनर (क्लिक ऐकण्यासाठी जोडलेली फंक्शने) बसलेले असतील तर ते एकाच क्लिकवर ओळीने चालतात, आणि पहिल्याने बटण निष्क्रिय केले म्हणून आधीच रांगेत असलेला दुसरा थांबत नाही.

तपासणी

दिशा मिळाली ती सहायकांनी सहज सांगितलेल्या एका निरीक्षणातून. तारीख जास्त पुढे जाते ती यादीतल्या वरच्या नोंदींची, खालच्यांची नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दोनदा क्लिक करणारा हात वरची ओळ आणि खालची ओळ असा भेद करत नाही, त्यामुळे कारण पानातच असले पाहिजे, हे त्या क्षणी स्पष्ट झाले.

ब्राउझरच्या नेटवर्क खिडकीत पाहिल्यावर एकाच क्लिकनंतर एकाच क्षणी दोन विनंत्या सर्व्हरकडे जाताना दिसल्या. त्यानंतर पानाचे घटक दाखवणाऱ्या एलिमेंट्स खिडकीत एक बटण निवडून त्यावरील इव्हेंट, म्हणजे क्लिकसारख्या घटना, ऐकणाऱ्या लिसनरांची यादी उघडली, तेव्हा वरच्या 25 ओळींतील प्रत्येक बटणावर क्लिकचे दोन लिसनर होते आणि खालच्या 25 ओळींत एकच. ‘आणखी दाखवा’ पुन्हा दाबल्यावर ही संख्या वरून खाली तीन, दोन, एक अशी झाली. म्हणजे नवीन ओळी आल्यावर बटणे जोडणारे फंक्शन पुन्हा चालत होते आणि ते नव्या ओळींबरोबर जुन्या ओळींनाही आणखी एक लिसनर लावत होते.

‘अ‍ॅडइव्हेंटलिसनर’ एकच फंक्शन एकाच इव्हेंटसाठी त्याच घटकावर दुसऱ्यांदा जोडू पाहिल्यास ती विनंती शांतपणे दुर्लक्षित करते, पण ‘एकच’ याचा अर्थ तेथे ‘तेच ऑब्जेक्ट’ असा आहे. अनामिक फंक्शन प्रत्येक वेळी नव्याने तयार होते. त्याचा मजकूर अक्षरशः सारखा असला तरी ब्राउझरच्या दृष्टीने ते वेगळे असते.

आता प्रश्न असा उरला की हे फंक्शन पहिल्यापासून प्रत्येक वेळी चालत होते, मग दोष अलीकडेच का दिसू लागला? याचे उत्तर मला या प्रकरणातला सर्वांत बोधक भाग वाटते. पूर्वी नव्या ओळी जोडताना डेव्हलपर तक्त्याच्या ‘इनरएचटीएमएल’ला, म्हणजे त्याच्या आतल्या सगळ्या मजकुराला, अधिक-बरोबर चिन्हाने नवा मजकूर जोडत असे. त्या क्रियेत ब्राउझर जुन्या ओळींसह सगळा तक्ता मोडून नव्याने उभा करतो, त्यामुळे जुने लिसनर जुन्या बटणांबरोबर नाहीसे होत आणि पुन्हा जोडल्यावर प्रत्येक बटणावर बरोबर एकच लिसनर राही. पण त्याच क्रियेत शेऱ्याच्या पेटीत टंकलेला, अजून न साठवलेला मजकूरही पुसला जाई. त्याबद्दल तक्रार आली तेव्हा डेव्हलपरने ‘इन्सर्टअ‍ॅडजेसंटएचटीएमएल’ वापरले, जे जुन्या ओळींना हात न लावता नव्या तेवढ्याच जोडते. शेरा टिकला. त्याबरोबर जुने लिसनरही टिकले. एका खऱ्या सुधारणेने दुसऱ्या, आजवर झाकलेल्या दोषाला वाट करून दिली होती. बदलाच्या नोंदीत केवळ शेऱ्याचा उल्लेख असल्याने मुदतवाढीशी त्याचा संबंध कोणाच्या मनातही आला नाही.

‘परत’ आणि ‘राखीव’ या बटणांनाही तोच दोष होता, पण पुस्तक आधीच परत आलेले किंवा राखीव झालेले असल्यामुळे सर्व्हर दुसरी विनंती नाकारत असे आणि ते उत्तर पानावर कोठेही दाखवले जात नसे. मुदतवाढीची विनंती मात्र ‘आहे त्या तारखेत 7 दिवस मिळवा’ अशी असल्याने जितक्या वेळा येईल तितक्या वेळा ती सफल होत होती.

विचारात घेतलेले पर्याय

पहिला पर्याय सर्वांत छोटा होता: अनामिक फंक्शनच्या जागी नाव दिलेले एकच फंक्शन लूपबाहेर लिहायचे आणि कोणते पुस्तक हे त्याने ‘करंटटार्गेट’च्या (ज्यावर लिसनर बसला आहे त्या बटणाच्या) डेटा गुणधर्मातून वाचायचे. ते कितीही वेळा जोडले तरी ब्राउझर एकदाच धरतो. दोन-चार ओळींचा बदल, धोका जवळपास नाही. मात्र नव्या ओळी आल्यावर जोडणारे फंक्शन बोलावण्याची जबाबदारी तशीच राहते, आणि शोध, क्रमवारी व ‘आणखी दाखवा’ अशा तीन वाटांनी ओळी येत असताना त्यातली एखादी वाट विसरली जाणे अवघड नव्हते.

दुसरा पर्याय बटणाच्या ‘ऑनक्लिक’ला स्क्रिप्टमधून फंक्शन देण्याचा. या जागी एका वेळी एकच फंक्शन मावते, नवे आले की जुने जाते, त्यामुळे दुहेरी लिसनरचा प्रश्न आपोआप सुटतो. एवढ्यावरून त्याला नावे ठेवण्याचे कारण नाही. पण पुन्हा जोडण्याची जबाबदारी येथेही सुटत नाही आणि उद्या त्याच बटणावर दुसऱ्या कामासाठी काही लावल्यास पहिले निमूटपणे पुसले जाते.

तिसरा पर्याय प्रत्येक वेळी जुने लिसनर काढून नवे लावण्याचा होता, मग तो ‘रिमूव्हइव्हेंटलिसनर’ने असो किंवा ‘अबॉर्टकंट्रोलर’चा सिग्नल देऊन एकदम असो. तांत्रिकदृष्ट्या तो निर्दोष होता, पण जी गोष्ट मुळात पुन्हा करायची गरज नाही ती नीटनेटकी पुन्हा करण्याची ही सोय होती.

चौथा पर्याय इव्हेंट डेलिगेशनचा, म्हणजे ऐकण्याचे काम वरच्या घटकाकडे सोपवण्याचा. क्लिक हा इव्हेंट ज्या घटकावर घडतो तेथून वरच्या घटकांकडे चढत जातो. 2000 मध्ये आलेल्या डॉम (ब्राउझरमधील पानाच्या घटकांची रचना) पातळी दोनच्या इव्हेंट मानकापासून हा प्रवास नेमका ठरलेला आहे. म्हणून प्रत्येक बटणाऐवजी तक्त्याच्या ‘टीबॉडी’वर (सगळ्या ओळी सामावणाऱ्या घटकावर) एकच लिसनर ठेवला, तर आजच्या आणि उद्या येणाऱ्या सगळ्या ओळींचे क्लिक त्याच्यापर्यंत पोचतात. पानावर टिकून राहणारा घटक तो आहे, ओळी येणार आणि जाणार, त्यामुळे ऐकण्याचे कामही त्याच्याकडेच असावे.

या पद्धतीची शिफारस करताना वेग आणि स्मृतीची बचत हे कारण वारंवार सांगितले जाते. या पानावर ते लागू नव्हते. दीडशे लिसनरांनी खिडकीवरचा साधा संगणकही दमत नाही. येथे डेलिगेशन निवडण्याचे कारण एवढेच होते की जोडणीची वेळ लक्षात ठेवण्याची गरज त्यात उरत नाही.

पान रिअ‍ॅक्टमध्ये (पाने बांधण्यासाठीच्या जावास्क्रिप्टच्या तयार संचात) नव्याने लिहिण्याचाही विचार निघाला. रिअ‍ॅक्ट स्वतः आतून हेच करते (2020 मधील 17 व्या आवृत्तीपासून ते आपले लिसनर डॉक्युमेंटऐवजी, म्हणजे संपूर्ण पानाऐवजी, आपल्या भागाच्या सर्वांत वरच्या मूळ घटकावर ठेवते), पण एका तक्त्यासाठी संपूर्ण बांधणी बदलणे आणि ती एकट्या डेव्हलपरने पुढे सांभाळणे वाचनालयाला परवडणारे नव्हते.

निर्णय आणि कृती

ठरले ते दोन टप्प्यांत. पहिला पर्याय त्याच संध्याकाळी, वाचनालय बंद झाल्यावर लागू करायचा, म्हणजे दुसऱ्या दिवसापासून चुकीच्या तारखा थांबतील, आणि डेलिगेशनचा बदल सावकाश, चाचणीसह करायचा. माझ्या मते हा क्रमच या प्रकरणातला सर्वांत चांगला निर्णय होता. मोठा बदल घाईने केला असता तर पुढे आलेले अडथळे खिडकीवर, सभासदांसमोर आले असते.

डेलिगेशनमध्ये प्रत्येक बटणाला ‘कृती’ हा आणखी एक डेटा गुणधर्म देण्यात आला आणि दाखल क्रमांक बटणावरून काढून ओळीवर ठेवण्यात आला, कारण तो मुळात ओळीचा आहे. लिसनर आता तीन गोष्टी करतो: क्लिक कोणत्या बटणातून आला ते शोधतो, बटणाची कृती वाचतो आणि ओळीचा दाखल क्रमांक घेऊन त्या कृतीचे फंक्शन बोलावतो. याच वेळी प्रत्येक बटणाचा प्रकार स्पष्टपणे ‘बटन’ असा लिहिला गेला. फॉर्मच्या आत असलेल्या बटणाचा प्रकार न लिहिल्यास तो ‘सबमिट’, म्हणजे फॉर्म पाठवणारा, धरला जातो, आणि हा तक्ता फॉर्मच्या आत होता.

पहिला अडथळा चिन्हांचा. ‘परत’ बटणात अक्षरांशेजारी छोटे चित्र होते आणि त्यावर नेमके क्लिक केल्यास काहीच होत नव्हते, कारण ‘टार्गेट’ म्हणजे ज्यावर प्रत्यक्ष क्लिक झाला तो सर्वांत आतला घटक, आणि तो येथे चित्र होता, बटण नव्हे. ‘टार्गेट’ हेच बटण आहे का असे विचारण्याऐवजी ‘क्लोजेस्ट’ने त्याच्यापासून वर चढत जवळचे बटण शोधल्यावर हा प्रश्न सुटला.

दुसरा अडथळा शोधायला जास्त वेळ लागला. नवा लिसनर काही ओळींत मुळीच चालत नव्हता. ओळीवर कोठेही क्लिक केल्यास पुस्तकाचा तपशील उघडे, आणि बटण दाबताना तो उघडू नये म्हणून फार पूर्वी बटणांच्या रकान्यावर ‘स्टॉपप्रोपगेशन’ लावलेले होते. त्यामुळे क्लिक रकान्यातच अडे आणि ‘टीबॉडी’पर्यंत पोचतच नसे. ज्या ओळींना राखीव नोंद होती त्यांचा साचा वेगळा होता, त्यात हा अडसर नव्हता, म्हणून काही ओळी चालत आणि काही नाही. दोन मार्ग होते: लिसनर चढतीच्या आधीच्या, म्हणजे कॅप्चर टप्प्यात ऐकू देणे, किंवा अडसरच काढणे. पहिला एका शब्दाचा बदल होता, तरी दुसरा निवडला गेला. ओळीचा स्वतंत्र लिसनर गेला आणि तपशील उघडण्यासाठी पुस्तकाच्या नावालाच दुवा देण्यात आला. त्यामुळे तपशील कळफलकावरूनही उघडता येऊ लागला, जे ओळीवरच्या क्लिकने कधीच शक्य नव्हते.

परिणाम

एका क्लिकला एकच विनंती जाऊ लागली, आणि शोध, क्रमवारी व ‘आणखी दाखवा’ या तिन्ही वाटांनी आलेल्या ओळी कोणतीही जोडणी न करता चालू लागल्या. नंतर ‘हरवले’ असे चौथे बटण आले तेव्हा साच्यात एक ओळ आणि एक फंक्शन एवढेच वाढवावे लागले.

तरी क्वचित एखादी मुदतवाढ दुप्पट होतच राहिली, आणि तीही फक्त देवघेवीच्या खिडकीवर, ग्रंथपालांच्या मेजावर नाही. या वेळी डेव्हलपरने तर्क न करता आधी नोंद ठेवली: प्रत्येक क्लिकचा ‘डिटेल’ हा आकडा विनंतीसोबत साठवला. माउसच्या साध्या क्लिकला तो 1 असतो, कळफलकावरून घडलेल्या क्लिकला 0. जास्तीच्या मुदतवाढी 0 च्या निघाल्या.

कारण खिडकीवरच्या बारकोड स्कॅनरमध्ये होते. असा स्कॅनर संगणकाला कळफलकासारखाच दिसतो: तो क्रमांकाचे आकडे पाठवतो आणि शेवटी एंटर. सहायकांनी माउसने ‘मुदतवाढ’ दाबल्यावर फोकस (कळ दाबली की ती जेथे लागू होते ती जागा) त्या बटणावरच राही. पुढचे पुस्तक स्कॅनरखाली धरले की आकडे वाया जात आणि शेवटचा एंटर फोकस असलेले बटण पुन्हा दाबत असे. खरे बटण एंटर आणि स्पेस या दोन्ही कळांना क्लिक मानते, आणि ते मानायलाच हवे. त्यामुळे बटणाचे वागणे बदलण्याऐवजी प्रत्येक कृती संपल्यावर फोकस शोधपेटीत नेण्यात आला. याने सहायकांचे कामही हलके झाले, कारण पुढचा क्रमांक आता शोधपेटीत क्लिक न करताच तेथे उतरू लागला.

वेगळे काय करता आले असते

पहिल्या तक्रारीनंतर नेटवर्क खिडकी उघडली असती तर एका क्लिकच्या दोन विनंत्या तेव्हाच दिसल्या असत्या आणि निष्क्रिय बटणाची निष्फळ सोय करावी लागली नसती. तिची नंतर जी थोडी उपयुक्तता उरली ती वेगळ्या कारणासाठी: संथ इंटरनेटवर उत्तर येईपर्यंत वापरणाऱ्याने पुन्हा क्लिक करू नये म्हणून.

दुसरी आवृत्ती लिहिताना डेलिगेशन का निवडले गेले नाही, हाही प्रश्न विचारण्यासारखा आहे. तेव्हा पानावर ‘आणखी दाखवा’ नव्हते, ओळी एकदाच येत, आणि अशा स्थिर पानावर प्रत्येक बटणाला लिसनर लावणे पूर्णपणे योग्य होते. मी त्या निर्णयाला चूक म्हणणार नाही. मात्र ओळी नंतर येऊ लागल्या त्या दिवशी जोडणीचे फंक्शन आणखी एका जागेवरून बोलावण्याची वेळ आली, आणि तेथेच थांबून विचार व्हायला हवा होता.

सर्वांत मोठी उणीव पानावर नव्हती, सर्व्हरवर होती. ‘7 दिवस मिळवा’ ही विनंती दोनदा आली तर दोनदा लागू होते, मग ती दुहेरी लिसनरमुळे येवो, स्कॅनरमुळे येवो किंवा तुटलेल्या इंटरनेटमुळे ब्राउझरने पुन्हा पाठवलेली असो. पानावरची दोन्ही कारणे दूर झाल्यानंतरच हा बदल झाला, तो आधी व्हायला हवा होता: आता विनंतीसोबत पानावर दिसत असलेली परतीची तारीख जाते, आणि ती सर्व्हरवरील तारखेशी जुळत नसेल तर मुदतवाढ नाकारली जाते व ओळ ताज्या तारखेसह पुन्हा दाखवली जाते. नाकारलेल्या विनंत्यांची नोंद ठेवली जाते आणि महिनाअखेरीस ग्रंथपाल ती डेव्हलपरला पाठवतात.